रोलरच्या पडद्यावर हिरवा रंग, खड्ड्यात मात्र घनता कमी. स्वयंचलित दबाईवर किती विसंबावे?

सिन्नरफाटा यांचा प्रश्न

नमस्कार. नाशिकजवळ सिन्नरच्या बाजूला चाललेल्या एका वळणरस्त्याच्या भरावकामावर मी गुणनियंत्रणाचे काम पाहते. पावसाळा संपल्यावर आमच्या ठेकेदाराने भाड्याने एक नवा, सुमारे १२ टनांचा एकड्रमी कंपन रोलर आणला. त्याच्या ड्रमजवळ संवेदक बसवलेला आहे, केबिनमध्ये पडदा आहे आणि उपग्रहाच्या आधारे प्रत्येक फेरीचा नकाशा त्यावर रंगांत उमटतो. शिवाय त्यात स्वयंचलित पद्धत आहे, म्हणजे जमीन जसजशी घट्ट होत जाईल तसतसा कंपनाचा आयाम (ड्रम किती वरखाली होतो ते) यंत्र स्वतःच कमी करते. यंत्र पहिल्यांदा चालताना पाहिले तेव्हा आता आपले निम्मे काम हलके झाले असे मला मनापासून वाटले होते.

अडचण अशी आहे. सुमारे ३०० मीटरच्या एका तुकड्यात मुरुमाचा पाचवा थर चढला. थराची जाडी दबाईनंतर २० सेंटिमीटर आहे. पहिल्या १०० मीटरमध्ये चौथ्या फेरीतच पडदा हिरवा झाला, परंतु वाळू भरून घनता मोजण्याच्या चाचणीत तिन्ही खड्डे ९३ ते ९४ टक्क्यांवर आले. आमची अट प्रयोगशाळेत मिळालेल्या कमाल घनतेच्या ९५ टक्क्यांची आहे. मधल्या भागात, जिथे खाली काळा पाषाण उघडा पडला होता, तिथे आकडा फेरीगणिक खालीवर होत राहिला, रोलरचा आवाज बदलला आणि वरचा मुरूम चक्क सुटा झाला. शेवटचा भाग एका बुजवलेल्या नाल्यावरून जातो. तिथे दहा फेऱ्या झाल्या तरी पडदा लालच राहिला, पण खड्ड्यात घनता ९८ टक्के मिळाली.

थोडक्यात, जिथे यंत्र ‘पास’ म्हणते तिथे खड्डा ‘फेल’ म्हणतो आणि जिथे यंत्र ‘फेल’ म्हणते तिथे खड्डा ‘पास’ म्हणतो. ठेकेदाराचे म्हणणे असे की हिरव्या भागाचे नकाशे छापून बिलाला जोडावेत आणि लाल भागासाठी खड्ड्याचे निकाल धरावेत. दोन्हीकडून स्वतःला सोयीचे तेवढेच घेणे मला पटत नाही, परंतु ते का चूक आहे हे कागदावर मांडण्याइतके मला या यंत्राचे कळत नाही. सिंहस्थाच्या आधी रस्ता खुला करायचा असल्याने वरून रोज फोन येतात. जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

गोदाकाठ यांचे उत्तर

आपला प्रश्न वाचून आनंद झाला, कारण अशी विसंगती दिसली की बहुतेक ठिकाणी खड्डा तरी बुजवला जातो किंवा पडदा तरी बंद केला जातो. मी गुणनियंत्रणातून निवृत्त झालो आहे आणि कंपन रोलरवरच्या मापकांशी माझा संबंध नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत आला. आपले यंत्रही खोटे बोलत नाही आणि खड्डाही खोटे बोलत नाही. दोघे दोन वेगळ्या गोष्टी मोजत आहेत, एवढेच.

वाळू भरून केलेली चाचणी घनता मोजते, म्हणजे ठरावीक जागेत किती माती बसली ते. रोलरवरचा संवेदक घनता मोजतच नाही. तो ड्रमचे त्वरण मोजतो आणि त्यावरून जमिनीच्या ताठरतेचा, म्हणजे ती दाबाला किती विरोध करते याचा, अंदाज बांधतो. ही कल्पना स्वीडनमध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस पुढे आली. थर्नर आणि सँडस्ट्रॉम या अभियंत्यांनी जिओडायनामिक या संस्थेतून डायनापॅक या रोलर कंपनीच्या यंत्रावर ती उतरवली. तत्त्व फार देखणे आहे. जमीन मऊ असताना ड्रमचे कंपन जवळजवळ शुद्ध लाटेसारखे असते. जमीन घट्ट होऊ लागली की प्रत्येक आवर्तनात ड्रम क्षणभर जमिनीपासून सुटतो आणि पुन्हा आदळतो, त्यामुळे लाट वेडीवाकडी होते आणि तिच्यात मूळ वारंवारतेच्या दुप्पट वारंवारतेचा अंश मिसळतो. रोलर सेकंदाला ३० कंपनांवर चालत असेल तर ६० कंपनांचा अंश शोधायचा, त्याचा आयाम मूळ आयामाने भागायचा आणि आलेल्या गुणोत्तराला साधारणपणे ३०० ने गुणायचे. बऱ्याच रोलरांच्या पडद्यावर दिसणारा आकडा हाच. त्याला एकक नाही. काही कंपन्या याऐवजी जमिनीची ताठरता थेट काढतात, तर एका कंपनीची पद्धत ड्रम ढकलायला इंजिनाची किती शक्ती खर्च होते यावर चालते. म्हणून आपल्या यंत्रात नेमके काय मोजले जाते ते पुस्तिकेत आधी पाहावे.

आता आपले तीन भाग घेऊ.

पहिला भाग. माझा पक्का संशय पाण्यावर आहे. कोरडा मुरूम ताठर असतो, पण घट्ट असतोच असे नाही. कणांमधले थोडेसे पाणी ओढून धरते, कण एकमेकांना अडकून राहतात आणि ड्रमला खालून कडक उत्तर मिळते, परंतु मधल्या पोकळ्या तशाच राहतात. पहिल्या पावसात त्यांत पाणी शिरले की ती ताठरता नाहीशी होते आणि रस्ता बसतो. उन्हाळ्यात निफाडकडच्या काळ्या शेतातले ढेकूळ पायाने फुटत नाही, म्हणून त्यावर कोणी इमारतीचा पाया घालत नाही. तेव्हा त्या खड्ड्यांतील ओलावा तपासा. तो इष्टतम ओलाव्यापेक्षा, म्हणजे ज्या ओलाव्यावर माती सर्वांत घट्ट बसते त्यापेक्षा, बराच कमी निघेल असे वाटते.

मधला भाग. इथे खाली पाषाण असल्याने ताठरता इतकी वाढली आहे की ड्रम एका आवर्तनाआड एकदा आदळतो आहे, म्हणजे सेकंदाला ३० ऐवजी १५ वेळा. याला दुहेरी उडी म्हणतात. अशा वेळी ६० कंपनांचा अंश कमी होतो, १५ कंपनांचा अंश उगवतो आणि पडद्यावरचा आकडा खाली येतो. जमीन घट्ट होत असताना आकडा पडतो, ही या मापकाची सर्वांत फसवी जागा आहे. चांगल्या यंत्रात त्यासाठी अर्ध्या वारंवारतेवर लक्ष ठेवणारा दुसरा आकडा असतो. पहिला आकडा वाचण्याआधी नेहमी हा दुसरा पाहावा. तो शून्याजवळ नसेल तर पहिल्याला काही अर्थ उरत नाही. दुहेरी उडीत आपला कुजका मुरूम फुटतो आणि वरचे काही सेंटिमीटर सैल होतात. आपण सुट्या मुरुमाचे वर्णन केले आहे ते हेच.

शेवटचा भाग. आपला थर २० सेंटिमीटरचा आहे, पण १२ टनी कंपन रोलर साधारण १ मीटर किंवा त्याहूनही खोलवरची जमीन ‘ऐकतो’. पडद्यावरचा लाल रंग त्यामुळे वरच्या थरापुरता नसून खालच्या चार थरांचा आणि त्याखालच्या नाल्याच्या गाळाचाही आहे. खड्डा खरे सांगतो आहे की वरचा थर चांगला झाला. रोलरही खरेच सांगतो आहे की त्याखाली काहीतरी मऊ राहिले आहे. माझ्या मते आपल्या ३०० मीटरमधली सर्वांत मोलाची माहिती हीच आहे आणि ठेकेदाराला नेमकी तीच खोडायची आहे.

एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण ती पुष्कळांच्या लक्षात येत नाही. स्वयंचलित पद्धत चालू ठेवून मोजलेले आकडे एकमेकांशी ताडून पाहता येत नाहीत. आकडा जमिनीवर अवलंबून असतो, तसाच आयामावर, वारंवारतेवर आणि वेगावरही. यंत्र स्वतःच आयाम बदलत असेल तर प्रत्येक मीटरला फूटपट्टी बदलल्यासारखे होते. दबाई करताना स्वयंचलित पद्धत खुशाल वापरा, पण नकाशासाठी शेवटची मोजणीची फेरी ठरवून दिलेला एकच आयाम, एकच वारंवारता आणि एकच वेग ठेवून, शक्यतो एकाच दिशेने काढा. आपल्या हिरव्या भागाचा नकाशा कोणत्या स्थितीत काढला होता, हे आधी विचारून घ्या.

जुनाड्रम यांचे उत्तर

मी बावीस वर्षे रोलर चालवला आणि आता ओझरच्या बाजूला यंत्रसामग्रीची देखभाल पाहतो. गोदाकाठ सरांनी शास्त्र सांगितले, मी केबिनमधली बाजू मांडतो.

मॅडम, स्वयंचलित पद्धत नेमके काय करते ते ऑपरेटरलाही कुणी नीट समजावून सांगत नाही. तो एवढेच जाणतो की बटण दाबले की रोलर कमी उडतो आणि कंबर वाचते. ड्रमच्या आत विषमभार, म्हणजे आसापासून बाजूला बसवलेले वजन, फिरत असतो. एका पद्धतीत उलटसुलट फिरणारे दोन भार असतात आणि त्यांच्या धक्क्याची दिशा उभ्याकडून आडवीकडे कलवली जाते. जमीन मऊ असताना धक्का सरळ खाली जातो, घट्ट झाली की आडवा होत जातो. दुसऱ्या पद्धतीत दोन भारांमधला कोन बदलून एकूण धक्काच लहानमोठा करतात आणि त्याबरोबर वारंवारताही सरकवतात. दोन्हींचा हेतू एकच, ड्रमने उड्या मारू नयेत. माती घट्ट झाली की नाही याचा निकाल देणे हे त्या यंत्रणेचे कामच नव्हे. आयाम शून्याजवळ गेला म्हणजे दबाई झाली असे समजणे चूक आहे. खाली दगड लागला तरी तो शून्याजवळ जातो.

वेगाकडे फार कमी लोक पाहतात. सेकंदाला ३० कंपने असतील आणि रोलर ताशी ३.६ किलोमीटरने चालत असेल तर दर ३.३ सेंटिमीटरला एक ठोका पडतो. हाच रोलर ताशी ६ किलोमीटरने पळवला तर ठोक्यांमधले अंतर साडेपाच सेंटिमीटरच्या वर जाते. दुपारी जेवणाची वेळ जवळ आली की फेऱ्यांची संख्या तीच राहते आणि दबाई मात्र निम्मीशिम्मी होते. फेऱ्यांच्या नकाशात हे दिसत नाही, वेगाच्या नोंदीत दिसते. तो नकाशा मागून घ्या. यंत्रात ती नोंद असते, फक्त छापताना कोणी ते पान काढत नाही.

वारंवारतेबद्दलही तेच. धक्क्याचा जोर वारंवारतेच्या वर्गाने वाढतो. २८ वरून ३२ वर गेले तर जोर तीस टक्क्यांनी वाढतो. सकाळी हायड्रॉलिक तेल थंड असताना वारंवारता ठरलेल्या आकड्याला पोहोचत नाही, म्हणून पहिल्या अर्ध्या तासातली मोजणी मी कधीच धरली नाही. ड्रम आणि सांगाड्यामधले रबरी बफर चिरलेले असतील तरीही आकडा बिघडतो. भाड्याच्या रोलरचे बफर पाहायला बॅटरी घेऊन खाली वाकावे लागते आणि तेवढे कष्ट सहसा कोणी घेत नाही. आपण एकदा पाहा.

आणखी एक. पहिल्या दोन फेऱ्या मोठ्या आयामावर, मग लहान आयामावर, आणि शेवटची फेरी कंपन बंद करून नुसत्या वजनाची. कंपनाने वरचा पापुद्रा नेहमीच थोडा सैल राहतो आणि तो या शेवटच्या फेरीने बसतो. ड्रमच्या पट्ट्या एकमेकांवर किमान वीतभर चढवाव्यात. थांबून दिशा बदलताना कंपन आधी बंद करावे, नाहीतर त्या जागी खळगा पडतो आणि पडद्यावर तो ठिपका कायम वेगळा दिसतो.

सिन्नरफाटा

दोघांचेही मनापासून आभार. आज सकाळी ऑपरेटरशी बोलले. हिरवा नकाशा पूर्णपणे स्वयंचलित पद्धतीत काढलेला होता आणि वेगाच्या नोंदीत पहिल्या १०० मीटरमध्ये ताशी ७ किलोमीटरपर्यंत गेलेल्या फेऱ्या दिसल्या. ओलावाही तपासला. या मुरुमाचा इष्टतम ओलावा प्रयोगशाळेत ११ टक्के आला होता. खड्ड्यातल्या मुरुमाचा ओलावा कार्बाइडच्या झटपट मापकावर ६ टक्के निघाला. टँकर आदल्या दिवशी पंक्चर होता, असे आता समजते. नाल्याच्या भागाचे काय करावे, याचा मी अजून विचार करते आहे.

पाटबंधारे यांचे उत्तर

मी मातीच्या धरणांच्या कामांवर होतो आणि सध्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना मृदयांत्रिकी शिकवतो. दोन मुद्दे जोडतो आणि एक दुरुस्ती सुचवतो.

दुरुस्ती आधी. कार्बाइडच्या मापकावरचा आकडा ओल्या वजनाच्या टक्क्यांत असतो आणि प्रयोगशाळेतल्या प्रॉक्टर चाचणीचा इष्टतम ओलावा कोरड्या वजनाच्या टक्क्यांत. मापकावर ६ दिसत असेल तर खरा ओलावा सुमारे ६.४ टक्के होतो. इथे फरक किरकोळ आहे, पण मापकावर १५ दिसले तर खरा ओलावा १७.६ टक्के असतो आणि काळ्या मातीत एवढ्याने निकाल फिरतो. शंका आली की तव्यावर माती भाजून खात्री करावी. आमच्याकडे स्टोव्हवरचा तवा प्रयोगशाळेतल्या भट्टीपेक्षा जास्त वापरात होता, आणि त्याची मला लाज वाटत नाही.

पहिला मुद्दा टक्केवारीचा आहे. १९३३ साली लॉस एंजेलिसमध्ये धरणांच्या कामावर असताना प्रॉक्टर यांनी ओलावा आणि घनता यांचा संबंध मांडला आणि तेव्हापासून आपण सगळे त्या आलेखावर जगतो आहोत. परंतु त्या चाचणीत माती ज्या साच्यात ठोकतात त्यात जाणारी माती चाळलेली असते आणि आपल्याकडच्या मुरुमात मुठीएवढे दगड असतात. लहान साच्यात काढलेली कमाल घनता धरून खड्ड्यातल्या दगडाळ मुरुमाची टक्केवारी काढली तर ती फुगते. ती शंभराच्या वर गेलेली मी पाहिली आहे आणि त्यावर सह्याही झालेल्या पाहिल्या आहेत. माती तपासणीच्या आयएस २७२० या भारतीय मानकाच्या आठव्या भागात जाड कणांच्या मातीसाठी २२५० घनसेंटिमीटरचा मोठा साचा आणि ५५ ठोके सांगितले आहेत. आपली ९८ टक्के घनता कोणत्या साच्याच्या हिशेबाने आहे ते पाहा. वाळूच्या चाचणीलाही अशा मुरुमात मोठे नळकांडे हवे. गाभा काढण्याचा कटर तर इथे शिरणारच नाही.

दुसरा मुद्दा नाल्याचा. बुजवलेल्या नाल्यात खाली काळी माती राहिली असेल तर प्रश्न दबाईच्या पलीकडचा आहे. रस्ते मंत्रालयाच्या २०१३ च्या तपशीलपुस्तिकेप्रमाणे मुक्त फुगवण निर्देशांक (पाण्यात माती किती फुगते ते) ५० टक्क्यांच्या वर असलेली माती भरावाला अयोग्य धरली जाते. आपल्या भागातली काळी माती हा आकडा सहज ओलांडते. वर कितीही चांगला मुरूम घातला तरी ती पावसाळ्यात फुगणार आणि उन्हाळ्यात आक्रसणार. शिवाय ओल्या चिकणमातीवर गुळगुळीत ड्रमचे कंपन फारसे कामाचे नसते. पाणी बाहेर पडायला वेळ मिळत नाही, छिद्रांतला दाब वाढतो आणि माती गादीसारखी खालीवर होते. धरणाच्या गाभ्याची दबाई म्हणूनच शीपफूटने, म्हणजे ड्रमवर पायांसारखे खुंट असलेल्या रोलरने, पातळ थरांत आणि ते पाय मातीत न रुतता वर येईपर्यंत करत असत. गंगापूर धरणही मातीचेच आहे आणि ते इतकी वर्षे पाणी धरून आहे ते असल्याच कंटाळवाण्या कामामुळे.

तेव्हा नाल्याच्या लाल पट्ट्यात, नकाशावर सर्वांत गडद लाल दिसणाऱ्या दोन ठिकाणी, दीड मीटर खोल खड्डा जेसीबीने घ्या. वाळूचा खड्डा फक्त वरचा थर दाखवतो, इथे त्याचा उपयोग नाही. नमुना दिंडोरी रस्त्यावरच्या मेरी या अभियांत्रिकी संशोधन संस्थेत किंवा जवळच्या कोणत्याही मान्य प्रयोगशाळेत फुगवण निर्देशांकासाठी पाठवा.

गोदाकाठ

पाटबंधारे यांनी जे शेवटी सांगितले तीच या नकाशाची खरी जागा आहे. १०० मीटर लांब आणि १२ मीटर रुंद पट्ट्यात आपण १५ सेंटिमीटर व्यासाचे तीन खड्डे घेतो. त्या तिन्ही खड्ड्यांचे मिळून क्षेत्रफळ जेवणाच्या एका ताटाएवढेही होत नाही आणि त्यावरून १२०० चौरस मीटरचा निकाल लावतो. शिवाय ते तीन खड्डे कुठे घ्यायचे ते बहुधा सावली पाहून ठरते. रोलरचा नकाशा ही उणीव भरून काढतो, कारण तो इंचन्‌इंच जागेचा आहे. परंतु तो दुबळी जागा दाखवतो, तिच्या दुबळेपणाचे कारण सांगत नाही. म्हणून खड्डे नकाशावरच्या सर्वांत दुबळ्या जागी घ्यावेत. तिथे पास झाले तर बाकीच्या भागाबद्दल खात्री बाळगता येते. युरोपात नकाशाचा असाही वापर रूढ आहे.

दुसरा मार्ग चाचणीपट्ट्याचा आहे. एकाच खाणीचा मुरूम, एकच ओलावा, एकच पाया, अशा १०० मीटरच्या पट्ट्यात दोन, चार, सहा आणि आठ फेऱ्यांनंतर रोलरचा आकडा आणि त्याच जागची घनता यांच्या जोड्या घ्याव्यात. दोहोंमधला सहसंबंध गुणांक (दोन्ही आकडे किती जुळून बदलतात ते, पूर्ण जुळले तर १) ०.७ च्या खाली आला तर नाते मानू नये आणि रोलरच्या आकड्यावर थर मंजूर करू नये. त्याहून वर असेल तर ९५ टक्के घनतेशी जुळणारा आकडा लक्ष्य म्हणून ठरवावा. ठेकेदाराला कागदावर मागायचे ते हेच. पट्टा कधी केला, कोणत्या मुरुमावर, कोणत्या आयामावर, आणि नाते किती चांगले जुळले. याची उत्तरे नसतील तर त्या हिरव्या रंगाची मर्यादा निर्मात्याने कारखान्यात बसवलेली आहे आणि आपल्या मुरुमाशी तिचा काही संबंध नाही.

पंचवटीकर यांचा प्रश्न

विषय थोडा जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या गल्लीतल्या रस्त्याचे काम निघाले आहे आणि दोन्ही बाजूंना पांढऱ्या मातीचे, जुन्या विटांचे वाडे आहेत. असा स्वयंचलित रोलर आणला तर भिंतींना कमी त्रास होईल का?

जुनाड्रम

दादा, भरवसा ठेवू नका. स्वयंचलित पद्धत जमीन मऊ असताना आयाम कमी करत नाही, उलट पूर्ण जोर लावते, आणि गल्लीतल्या खणलेल्या चरांची माती मऊच असते. शिवाय रोलर थांबताना आणि सुरू होताना वारंवारता वरखाली होते, त्या क्षणी भिंतीची स्वतःची वारंवारता गाठली जाण्याचा धोका असतो. वाड्यांच्या गल्लीत कंपन बंद ठेवून पातळ थरांत लहान रोलर फिरवावा, किंवा ड्रम वर-खाली न आदळता पुढेमागे घुसळत राहतो असा आंदोलन रोलर मागवावा. हे रोलर १९८० च्या दशकापासून आहेत. भिंतीलगतच्या हातभर जागेत धुमस किंवा प्लेटच बरी. काम सुरू होण्याआधी भिंतींवरच्या जुन्या भेगांचे तारखेसह फोटो काढून ठेवा.

सिन्नरफाटा

पाच दिवसांनी लिहिते आहे, क्षमस्व.

पहिल्या १०० मीटरमधला थर ग्रेडरने उकरला, संध्याकाळी टँकरने पाणी मारले, रात्रभर मुरू दिले आणि सकाळी पुन्हा उलथापालथ करून दबाई केली. वेग ताशी ४ किलोमीटरच्या आत ठेवला. मोजणीची फेरी लहान आयामावर, स्वयंचलित पद्धत बंद करून काढली. तुलनेसाठी उकरण्याआधीही कोरड्या थरावर अशीच एक फेरी काढून ठेवली होती. कोरड्या थराचा सरासरी आकडा ५८ होता, पाणी मारून दाबलेल्या थराचा ४४ आला. घनता मात्र ९३ वरून ९७ वर गेली. हे दोन आकडे शेजारी लिहून ठेकेदाराच्या अभियंत्यासमोर ठेवले, तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी स्वतःच चाचणीपट्टा करायचे मान्य केले.

पाषाणाच्या भागात सुटा झालेला मुरूम काढला आणि नवा पातळ थर घालून कंपनाशिवाय सहा फेऱ्या केल्या. तिथे रोलरचा आकडा वापरायचा नाही, असे नोंदवहीत लिहून घेतले.

नाल्यात दोन खड्डे घेतले. एकात १.१ मीटरवर काळी, ओली माती लागली, इतकी चिकट की जेसीबीच्या बकेटला चिकटून राहिली आणि फावड्याने खरवडून काढावी लागली. तिच्यात सडलेल्या बाभळीच्या मुळ्या होत्या, म्हणजे भराव सुरू करताना तिथली साफसफाई झालीच नव्हती. नमुना प्रयोगशाळेत दिला आहे. निकाल येण्याआधीच वरिष्ठांनी नकाशावरचा लाल पट्टा खडूने आखून तेवढा भाग खणून काढण्याचा आदेश दिला. त्याची लांबी २६ मीटर भरली. खणताना काळ्या मातीची हद्द आणि नकाशावरचा लाल पट्टा यांत एका ड्रमच्या रुंदीपेक्षा जास्त फरक कुठेही सापडला नाही. या खर्चाचा बोजा कोणी उचलायचा यावर मात्र वाद चालू आहे आणि त्यासाठी साफसफाईच्या वेळचे फोटो शोधणे सुरू आहे.

एक शेवटची शंका. चाचणीपट्ट्यात ९५ टक्क्यांशी जुळणारा आकडा ४१ आला आहे आणि सहसंबंध ०.८ आहे. तो पुढच्या दोन किलोमीटरला लावू का?

गोदाकाठ

मुरूम त्याच खाणीच्या त्याच थरातून येत असेल, खाली भराव साधारण सारख्या जाडीचा असेल आणि रोलर हाच राहणार असेल तर लावा. खाणीत पिवळा मुरूम संपून खालचा करडा, दगडाळ मुरूम लागला की पट्टा पुन्हा करा. आणि दर सकाळी मोजणी सुरू करण्याआधी टँकरची चाके पाहून घ्या.